‘याच्यानं पोट्टं वाचाले शिकते काय?’ असं विचारणाऱ्या सरांना काय उत्तर द्यायचं?

पत्र थोडक्यात : पत्र विदर्भातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंचं आहे, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. सहावी ते आठवीला मराठी शिकवतात, वय पस्तिशीच्या आसपास, मोबाइल-कॉम्प्युटर चांगलं येतं म्हणून केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, ‘तंत्रस्नेही’ असा शिक्का बसलेला. केंद्रप्रमुखांनी त्यांना सांगितलं की शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) केंद्रातल्या सगळ्या मराठीच्या शिक्षकांना ‘वर्गात डिजिटल साधनांचा वापर’ यावर दोन तासांचं सत्र घ्या. बाईंनी जीव तोडून तयारी केली. स्लाइड्स, कॅनव्हा, कहूट, पॅडलेट, गूगल फॉर्म, दीक्षा हे सरकारी शिक्षण ॲप, चॅटजीपीटी, सगळंच घेतलं. सत्रात नेट गेलं, मागची मंडळी कुठली तरी ऑनलाइन माहिती भरत बसली, आणि शेवटी रिटायरमेंटला आलेले एक सर उठून म्हणाले, ‘मॅडम, हे सारं बराबर हाय, पण याच्यानं पोट्टं वाचाले शिकते काय?’ सगळे हसले. बाई लिहितात, ‘त्या दिवसापासून मला त्या लोकांसमोर उभंच राहावंसं वाटत नाही. पन्नाशीच्या पुढच्या शिक्षकांना शिकायचंच नसतं, त्यांना कसं पटवायचं? आणि आता दोन महिन्यांनी पुढचं सत्र लावलंय, ते मी नाकारू का?’

*

मॅडम,

हशा झाला ना की माणसाला प्रश्न ऐकू येत नाही, हशाच ऐकू येत राहतो. तुमचं तसंच झालंय असं पत्र वाचून वाटलं. एवढी मेहनत करून उभं राहायचं आणि ज्यांच्यासाठी केली त्यांनीच खिदळायचं, राग येणारच, त्यात तुमचं काही चुकलं नाही. पण हशा जरा बाजूला ठेवा आणि ते वाक्य परत वाचा. याच्यानं पोट्टं वाचाले शिकते काय? अहो, हा तर त्या खोलीतला सगळ्यात चांगला प्रश्न होता! टोमणा मारायला विचारला असेलही, मी तिथे नव्हते, पण टोमण्यात विचारला म्हणून प्रश्न खोटा होत नाही.

आणि हा प्रश्न फक्त तुमच्या केंद्रातल्या सरांनाच पडलेला नाही. पेरू देशात ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ नावाचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला, खेड्यापाड्यातल्या प्राथमिक शाळांतल्या पोरांना लॅपटॉप वाटले. मग आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासकांनी ३१९ शाळा घेऊन तपासलं, २०१२ ला निष्कर्ष आले. मुलांनी लॅपटॉप वापरले, सामान्य बुद्धीच्या चाचण्यांत थोडा फायदाही दिसला, पण गणिताच्या आणि भाषेच्या चाचणीत फरक काही दिसेना. म्हणजे वस्तू हातात आली म्हणून वाचन येत नाही. सर हेच म्हणत होते, फक्त वऱ्हाडीत आणि फुकट.

आता तुमचं ते वाक्य, ‘पन्नाशीच्या पुढच्यांना शिकायचंच नसतं.’ इथे मला जरा अडकायला होतं. तुम्हीच लिहिलंय की मागची मंडळी ऑनलाइन माहिती भरत होती. म्हणजे मोबाइल येतो की त्यांना! पोषण आहाराची रोजची नोंद तेच करतात, यू-डायसची, म्हणजे शाळेची सरकारला द्यायची माहिती तेच भरतात, शालार्थमध्ये पगाराचं काय अडकलंय ते तेच बघतात, आणि व्हॉट्सॲपवर सुप्रभात तर सगळ्यात आधी त्यांचंच येतं. तंत्रज्ञानाची भीती असलेली माणसं अशी नसतात. मला वाटतं त्यांना भीती नाही, वीट आलाय. गेल्या दहा-बारा वर्षांत शाळेत जे जे ‘ऑनलाइन’ म्हणून आलं त्यातलं बरंचसं वरून माहिती मागायला आलं, ही लिंक भरा, ती लिंक भरा, आज पाचपर्यंत भरा, फोटो टाका, जिओटॅग करा. शिकवायला म्हणून आलेलं कमी, आणि आलं तेही असंच. २०२० च्या ऑक्टोबरपासून शिक्षकांसाठीचं ‘निष्ठा’ हे सरकारी प्रशिक्षण दीक्षावर ऑनलाइन झालं, कल्पना वाईट नव्हती, पण किती जणांनी एकीकडे व्हिडिओ लावून दुसरीकडे कणीक मळली आणि शेवटी सर्टिफिकेट डाउनलोड केलं ते आपण सगळेच जाणतो, त्यावर मी जास्त बोलत नाही. मग तुम्ही उभ्या राहून म्हणालात की आज आपण नवीन ॲप बघू, त्यांना ऐकू काय आलं? अजून एक लिंक.

म्हणून ‘त्यांना कसं पटवायचं’ हा प्रश्नच मी जरा हलवून बघते. पटवायचं कशाला? त्यांना त्यांच्या वर्गात काय अडतंय ते आधी विचारलं का कुणी?

तुमच्या सत्राची यादी मी परत बघितली. कॅनव्हा, कहूट, पॅडलेट… ही साधनं इतिहासालाही चालतात, विज्ञानालाही चालतात, एखाद्या कंपनीच्या मीटिंगलाही चालतात. मराठीच्या तासाचं असं त्यात काय होतं? कहूटवर तुम्ही समानार्थी शब्दांची क्विझ घेतली असणार (अंदाज सांगते, सगळे तेच घेतात). पण सहावीतलं पोरगं परिच्छेद वाचताना दर तिसऱ्या शब्दाला अडखळतंय, मनातलं दोन ओळीत लिहिता येत नाही, चार लोकांत बोलायला लाजतंय, त्याला चार पर्यायांतून एकावर बोट ठेवायला लावून काय होणार? तुम्ही दोन तास भांड्यांचं दुकान फिरवून दाखवलंत, भाजी काही कुणी चिरली नाही. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या दोघांनी २००६ मध्ये हेच नीट मांडलंय, ‘टीपॅक’ म्हणतात त्याला, तुम्ही डीएडला किंवा बीएडला ऐकलंही असेल. विषय, तो शिकवायची पद्धत आणि तंत्रज्ञान, या तिन्हीची सांगड जिथे बसते तेवढंच शिक्षकाच्या कामाचं, नुसतं तंत्रज्ञान वेगळं काढून शिकवलं की ते वेगळंच राहतं.

तर पुढचं सत्र भाषेपासून सुरू करा. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, यातलं एक घ्या. एकच. मी तुमच्या जागी असते तर वाचन घेतलं असतं, कारण सरांनी तेच विचारलंय.

आणि साधन कुठलं? फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर. हसू नका. नेट लागत नाही, अकाउंट लागत नाही, इंग्रजी येत नसलं तरी चालतं, सगळ्यांच्या फोनमध्ये आधीपासून आहे. मुलाला पुस्तकातला एक परिच्छेद द्यायचा, मिनिटभराचा, बाकीच्यांपासून जरा लांब व्हरांड्यात बसवायचं आणि वाचन रेकॉर्ड करायचं. मग तिथेच त्याला त्याचं ऐकवायचं. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून पोरं लाजतात, खिदळतात, ते होऊ द्या. दुसऱ्यांदा ऐकवलं की मूल स्वतःच सांगतं, ‘मॅडम, मी इथं थांबलोच नाही.’ हे तुम्ही दहा वेळा सांगून होत नाही. आणि शिक्षकाला त्यात जे ऐकू येतं ते वर्गात चाळीस पोरांच्या गोंगाटात ऐकू येत नाही, कोण जोडाक्षर आलं की गाळून पुढे जातंय, कोण शब्द बघून ओळखतंय पण वाक्य कळत नाही म्हणून भलत्याच ठिकाणी श्वास घेतंय, ‘पाऊस आला म्हणून आई’ इथे थांबलं आणि मग ‘शेतातून लवकर आली’ एका दमात, म्हणजे अक्षरं येतात, अर्थाचा गट पडत नाही. आणि एक पोरगी सगळं बरोबर वाचते पण आवाज कुजबुजीएवढा, तिचा प्रॉब्लेम वाचनाचा नाहीच. तिघांना तीन वेगळे उपाय लागतात. तिघांनाही आपण ‘वाचनात कच्चा’ एवढंच लिहून मोकळे होतो.

रोज चार-पाच मुलं, परिपाठाच्या आधी नाहीतर मधल्या सुट्टीत, म्हणजे दहा दिवसांत वर्ग होतो. फाइलला मुलाचं नाव देऊ नका, हजेरी क्रमांक आणि तारीख द्या. महिन्या-दीड महिन्याने तोच परिच्छेद परत रेकॉर्ड करा आणि सोबत एक नवा, कारण जुना पाठ झालेला असू शकतो. मग दोन्ही रेकॉर्डिंग एकामागून एक लावा. सरांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे, आणि ते ‘नाही’ असंही येऊ शकतं हं, एखाद्याचं वाचन जिथल्या तिथेच असेल, तर तेही सत्रात सांगायचं. रेकॉर्डरने वाचायला शिकवलं असं कुणी म्हणूच नये. शिकवलं शिक्षकाने, फोनमुळे फक्त कुठे शिकवायचं ते दिसलं.

यात एक भानगड आहे, ती आधीच बोलून घ्या. फोन शिक्षकाचा स्वतःचा, रिचार्ज स्वतःचा, मेमरी आधीच फुल. हे रडगाणं नाही, खरी अडचण आहे, आणि तुम्ही ती सत्रात मोठ्याने मान्य केलीत की निम्मा विरोध तिथेच गळतो. जुनी रेकॉर्डिंग दर महिन्याला उडवायची, प्रत्येकाचं पहिलं आणि शेवटचं तेवढं ठेवायचं. आणि मुलांचे आवाज, फोटो, व्हिडिओ केंद्राच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, कुणी कितीही ‘पुरावा’ मागितला तरी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो, आणि कायदा राहू द्या, अडखळत वाचणाऱ्या पोराचा आवाज गावभर फिरला तर ते परत तोंड उघडेल का?

वाचन बसलं की मग पुढच्या वेळी लेखन. इथे मला व्हॉइस टायपिंग फार आवडतं. गूगलने २०१७ मध्ये मराठीसाठी ते आणलं, आता तुमच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतंच. मुलाला म्हणायचं, काल घरी काय झालं ते फोनला सांग. ते सांगतं, फोन लिहितो. गंमत पुढे आहे. फोन जे लिहितो त्यात बहुतेक वेळा पूर्णविराम नसतो, स्वल्पविराम नसतो, सगळं एका ओळीत वाहत गेलेलं, मधेच एखादा शब्द भलताच. ते जसंच्या तसं फळ्यावर लिहायचं. प्रोजेक्टर नाही? उत्तम, फळाच बरा. मग अख्खा वर्ग मिळून दुरुस्त करायचं, इथे वाक्य संपतं का, हा प्रश्न आहे की उद्गार, हे ‘कि’ ऱ्हस्व की दीर्घ. शुद्धलेखन असं दुसऱ्याच्या, त्यातही मशीनच्या चुका काढत शिकायला पोरांना जाम मजा येते, कारण एरवी लाल पेन त्यांच्याच वहीवर चालतं. आणि ज्या मुलाला कथा येते पण लिहायला हात चालत नाही त्याची कथा पहिल्यांदा कागदावर येते.

तुमच्याकडे एक गोष्ट नक्की होईल, मूल म्हणेल ‘त्यानं मले सांगतलं’ आणि फोन काहीतरी तिसरंच लिहील. तेव्हा मुलाला ‘नीट बोल’ म्हणायचं नाही, हे तुमच्या शिक्षकांना ठासून सांगा. फोनला वऱ्हाडी येत नाही, हा फोनचा प्रश्न. घरी आपण कसं म्हणतो आणि पुस्तकात कसं लिहितात, दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, आणि इथे तुमचे ते सर लागतील तुम्हाला, कारण जुन्या बोलीतले शब्द तुमच्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त असणार.

सरांवरून आठवलं. पुढच्या सत्राआधी एक काम करा, त्यांच्या शाळेत जा. सांगून जा, आणि शिकवायला नाही, बघायला. ‘सर, तुमचा वाचनाचा तास बघू देता का’ एवढंच. तीस वर्षं पहिली-दुसरीची पोरं हाताखालून गेलेल्या माणसाला वाचन कुठे अडतं ते कळतं, त्याला त्याची शास्त्रीय नावं माहीत नसतील. तो तास बघून त्यातलीच एक युक्ती उचला आणि पुढच्या सत्रात म्हणा की सर असं असं करतात, त्याला आपण रेकॉर्डिंगची जोड दिली तर काय होईल. जमलं तर अर्धं सत्र त्यांनाच घ्यायला लावा. आणि समजा नाही जमलं, ते खरंच नुसते टोमणेवाले निघाले, तर सोडून द्या! दोन वर्षांत रिटायर होणाऱ्या एका माणसाला बदलणं हे तुमच्या आयुष्याचं ध्येय नाही.

बाकी ज्येष्ठांना आत घ्यायचे दोन रस्ते मला माहीत आहेत, दोन्ही चालतात. पहिला टायपिंगचा. प्रत्येक मराठीच्या शिक्षकाकडे जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका पडून आहेत, श्रीलिपीतल्या नाहीतर कृतिदेवमधल्या, त्या मोबाइलवर उघडल्या की नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. ‘युनिकोडमध्ये टाइप केलं की कुठल्याही फोनवर वाचता येतं’ हे अर्ध्या तासात दाखवा. आणि त्यातही ते ‘वाऱ्यावर’ चं कोडं सोडवून द्या, निम्म्या लोकांचं ‘वार्यावर’ असंच पडतं आणि मराठीच्या माणसाला ते डोळ्यात खुपतं, पण करायचं कसं ते कुणी सांगत नाही. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर शिफ्ट धरून ‘जे’ (J) दाबा, नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ येतो, मग ‘डी’ (D) म्हणजे हलन्त, मग य साठी स्लॅश. झाला ‘ऱ्य’. फोनवर र दाबून धरलं की बऱ्याच कीबोर्डमध्ये ऱ मिळतो. एवढ्या एका गोष्टीसाठी लोक वही काढून लिहून घेतील बघा.

दुसरा रस्ता शब्दकोशांचा. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ पासून खंड निघालेला, आणि मोल्सवर्थचा १८५७ चा, हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन ठेवलेत. पन्नाशीतल्या शिक्षकाला त्याच्या लहानपणीचा किशोरचा अंक फोनवर उघडून द्या आणि मग बघा त्याला ‘डिजिटल’ नको आहे का. मुलांसाठी गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, २०१५ पासून, मराठीतही पुस्तकं आहेत, वाचनाच्या पातळीनुसार लावलेली, आणि परवाना मोकळा असल्यामुळे डाउनलोड करून प्रिंट काढली तरी कुणी विचारणार नाही. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड दीक्षावर जातात हे सगळ्यांना माहीत आहे, पण दीक्षा ॲपमध्ये ते आधी डाउनलोड करून नेटशिवाय वर्गात दाखवता येतं हे पुष्कळांना माहीत नसतं. मात्र हे सगळं एका सत्रात नाही! एका वेळी एक.

चॅटजीपीटीबद्दल. तुम्ही ते दाखवलंत तेव्हा म्हणे ‘मॅडम, आता आमची गरजच नाही’ असं कुणीतरी म्हणालं. तर त्याचा उपयोग असा उलटा करा. त्याच्याकडून ‘माझे गाव’ या विषयावर सातवीसाठी निबंध लिहून घ्या, प्रिंट काढा, आणि सत्रात प्रत्येकाला लाल पेन द्या. हिंदी वळणाची वाक्यं, इंग्रजीतून उचललेली रचना, विदर्भातल्या गावात नारळाच्या बागा, आणि एखाद्या कवितेचा कवी विचारलात तर ठाम सुरात भलतंच नाव, हे सगळं सापडू शकतं. जुनी माणसं यात तुम्हाला मागे टाकतील. मग शांतपणे सांगा की याला कच्चा खर्डा मागायचा, एकच उतारा तीन पातळ्यांवर सोपा करून मागायचा, आणि वर्गात न्यायच्या आधी आपण असं तपासायचं. मुलांना मात्र त्यावर सोडू नका, १३ वर्षांखालच्यांनी ते वापरू नये असं त्या कंपनीच्याच अटींमध्ये आहे.

आता सत्र घ्यायचं कसं. प्रोजेक्टर बंद ठेवा, म्हणजे वापरूच नका, सगळं त्यांच्या स्वतःच्या फोनवर. नेट नाही असं धरूनच तयारी करा, आलं तर बोनस. येताना प्रत्येकाला आपल्या वर्गातल्या एका मुलाची मराठीची वही आणायला सांगा, सुरुवात त्या वह्यांपासून, वीस मिनिटं नुसतं याच्यावर बोलणं की हे मूल कुठे अडलंय. मग साधन, मग तिथेच एकमेकांचं वाचन रेकॉर्ड करून बघायचं, शिक्षकांनाही स्वतःचा आवाज ऐकून धक्का बसतोच. जोड्या लावताना तरुण आणि ज्येष्ठ अशा लावल्यात तरी एक नियम करा, दुसऱ्याचा फोन हातात घ्यायचा नाही. ‘आणा सर इकडे, मी करून देतो’ या एका वाक्याने जेवढ्या ज्येष्ठांना अडाणी ठेवलंय तेवढं कशानेच नाही. तोंडाने सांगायचं, बोट त्यांचंच चालू द्यायचं, वेळ लागतो, लागू दे.

आणि खरं काम सत्रानंतर आहे. ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९८० च्या सुमारास शिक्षक-प्रशिक्षणाचा बराच अभ्यास करून सांगितलं की नुसतं समजावून सांगितलं, करून दाखवलं, एवढ्याने वर्गात काही उतरत नाही, मागून कुणीतरी सोबतीला लागतं, वर्गात येऊन बघणारं, बोलणारं. आपल्याकडे नेमकं तेच नसतं, प्रशिक्षण झालं, चहा झाला, सह्या झाल्या, विषय संपला. तुम्ही एकट्या सगळ्या शाळा फिरू शकणार नाही, तुमचा स्वतःचा वर्ग आहे. म्हणून जवळच्या दोन शाळांतल्या दोघांची जोडी करा, महिन्यात एकदा एकमेकांना फोन करायचा, व्हॉट्सॲप नाही, फोन. आणि पुढची शिक्षण परिषद दोन जणांच्या अनुभवाने सुरू करा, त्यातला एक अनुभव फसलेला असला पाहिजे, म्हणजे बाकीच्यांना तोंड उघडायला धीर येतो.

(हे वाचणाऱ्यांत शहरातल्या खाजगी शाळांतले मराठीचे शिक्षकही असतील, त्यांचं दुखणं उलटं. स्मार्टबोर्ड भिंतीवर आहे, कंपनीचं तयार ॲनिमेशन आहे, आणि २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची झाल्यावर तो तास म्हणजे व्हिडिओ लावून द्यायचा तास झालाय. तुम्हालाही हेच सांगेन, व्हिडिओ म्यूट करा आणि मुलांना त्याचे संवाद मराठीत बोलायला लावा. साधन तेच, पण आता बोलतंय मूल.)

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, सत्र नाकारू का. तीन वाटा दिसतात. नाकारलंत तर सुटका होईल, पण मग तेच दोन तास दुसरं कुणीतरी येऊन पंधरा ॲप दाखवेल, कारण प्रशिक्षण काही टळत नाही, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास लिहिलाय. आहे तसंच परत घेतलंत तर परत तसंच होईल. तिसरी वाट म्हणजे अटी घालायच्या. केंद्रप्रमुखांना भेटा, तक्रारीच्या सुरात नको, आणि सांगा की सगळ्यांना एकदम नको, आधी स्वखुशीने येतील ते सात-आठ जण द्या. त्या दिवशी त्या वेळात कुठलीही लिंक भरायला लावू नका. एकाच विषयावर सलग तीन परिषदा द्या. आणि अहवालात उपस्थितीच्या फोटोऐवजी किती शिक्षकांनी वर्गात करून बघितलं ते लिहू द्या. बहुतेक केंद्रप्रमुख स्वतः शिक्षकच होते, यातलं पहिलं आणि दुसरं तरी ते मान्य करतील असं मला वाटतं, तिसऱ्यासाठी थोडं भांडावं लागेल, चौथ्याचं काही खरं नाही, त्यांना वर फोटो पाठवावाच लागतो.

चारपैकी एकही मान्य नाही झालं तर मात्र खुशाल नाही म्हणा, आणि मनाला लावून घेऊ नका. ‘तंत्रस्नेही’ हा काही हुद्दा नाही, त्याचा वेगळा पगार मिळत नाही. शेजारच्या शाळेतल्या एका बाईंना सोबत घ्या आणि तुमच्या दोघींच्या वर्गांत हे रेकॉर्डिंगचं सुरू करा, दिवाळीच्या सुट्टीआधी पहिली फेरी आणि जानेवारीत दुसरी. आणि दुसरी फेरी झाली की सरांना फोन करून बोलवा, ‘सर, तुम्ही विचारलं होतं ना, या, ऐकून सांगा.’